छापील फी आणि खरी फी: अमेरिकेतल्या चार ख्रिस्ती शिक्षणसंस्था

नोटर डेम विद्यापीठाची 2024-25ची फी सुमारे 65 हजार डॉलर, बेलरची 60 हजारांच्या घरात, ब्रिगहॅम यंगची 13,400. राहणं-खाणं वेगळं. एवढंच पाहिलं तर निकाल लागल्यातच जमा. पण छापील फी आणि तुम्ही भरणार ती रक्कम यांच्यामधला फरक कोण सोसतं, ते आधी बघा.

युटातल्या प्रोव्हो गावचं ब्रिगहॅम यंग मॉर्मन चर्चचं आहे. सभासद उत्पन्नाचा दशमांश चर्चला देतात आणि विद्यापीठाच्या खर्चाचा मोठा वाटा त्यातूनच निघतो. म्हणून 2024-25मध्ये सभासदांना वर्षाला 6,700च्या आसपास फी होती, इतरांना दुप्पट. दुप्पट भरूनही स्वस्तच, आणि अकाउंटिंगला तर देशभर नाव. वसुली होते ती ऑनर कोडमधून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या आचारसंहितेतून. दारू-सिगारेट बंद हे आईबापांना आवडेलच, पण चहा-कॉफीही बंद. मुलांनी दाढी ठेवायची नाही. दरवर्षी धर्मगुरूचं शिफारसपत्र लागतं, तुम्ही हिंदू असलात तरी. शिवाय धर्मविषयांचे 14 क्रेडिट, म्हणजे जवळजवळ एका सेमिस्टरचा अभ्यास. मुलगा हे मनापासून पाळणार असेल तर पैशाच्या दृष्टीने याला तोड नाही. नाक दाबून चार वर्षं काढणार असेल तर पाठवू नका.

टेक्सासमधल्या बॅप्टिस्ट परंपरेच्या बेलरमध्ये पूर्ण छापील फी भरणारे थोडेच. गुणांवर सवलत मिळते. इथे एक मेख आहे. सवलतीची रक्कम ठरलेली असते, फी मात्र दरवर्षी चढते. पहिल्या वर्षी परवडलं म्हणून चौथ्या वर्षी परवडेल असं नाही, आणि जीपीए (सरासरी गुणांक) घसरला तर सवलतही जाते. पूर्ण फी भरून बेलरला जावं असं मला तरी वाटत नाही.

नोटर डेम कॅथलिक आहे आणि सर्वांत महाग दिसतं. पण सप्टेंबर 2024मध्ये त्यांनी जाहीर केलं की प्रवेश देताना घरची ऐपत बघणार नाही, परदेशी मुलांचीही नाही, आणि मदतीत कर्ज धरणार नाही, म्हणजे ती फेडावी लागणार नाही. म्हणजे मध्यम पगाराच्या घराला हेच बेलरपेक्षा स्वस्त पडू शकतं. अडचण प्रवेशाची: दहातल्या जेमतेम एकाला मिळतो. धर्माचा जाच म्हणाल तर थिऑलॉजीचे (धर्मशास्त्राचे) दोन कोर्स, बस्स.

भारतातून जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. अमेरिकी सरकारच्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या वेबसाइटवर दिसणारी ‘सरासरी निव्वळ किंमत’ (मदत वजा जाता पडणारा खर्च) तिथल्या केंद्र सरकारची मदत मिळणाऱ्या विद्यार्थ्यांवरून काढलेली असते. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला ती मदतच नाही, त्यामुळे तो आकडा तुमच्या कामाचा नाही. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी घराला मात्र तो उपयोगी आहे.

चौथं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही: केंटकीतलं बेरिया. ते विद्यापीठ नाही, कॉलेज आहे. 1855चं, ख्रिस्ती मुळांचं. ट्यूशन फी कुणालाच भरावी लागत नाही. परदेशी मुलांचा पहिल्या वर्षीचा राहण्या-जेवणाचा खर्चही उचलतात. बदल्यात प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास काम करावं लागतं. एक अब्ज डॉलरहून मोठ्या देणगी निधीवर हे चालतं. खर्च विरुद्ध मोबदला असा हिशेब केला तर चौघांत हेच पुढे. फक्त परदेशातली मुलं मोजकीच घेतात, तेव्हा अर्ज जरूर टाका, पण त्याच्यावरच भिस्त ठेवू नका.