गिरणीतल्या लॉफ्टमध्ये १४ महिने: मँचेस्टर, अँकोट्स

मँचेस्टरला आम्ही जुन्या गिरणीत भाड्याने घर घेतोय असं बाबांना फोनवर सांगितलं तर पलीकडून बराच वेळ आवाजच नाही, मग म्हणाले, "अगं, आजोबा जन्मभर मागखात्यात राबले ते तुम्ही गिरणीच्या बाहेर पडावं म्हणून, आणि तू भाडं भरून आत चाललीस?" त्याला आता १४ महिने झाले, दोन हिवाळे काढले, तेव्हा लिहायला हरकत नाही.

अँकोट्स म्हणजे पिकॅडिली स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. रॉचडेल कॅनॉलच्या काठाने लाल विटांच्या गिरण्यांची रांग आहे, त्यातल्या मरेज मिल्सचं बांधकाम १७९८ ला सुरू झालं, वाफेवर चालणारी सूतगिरणी, म्हणजे मुंबईत पहिली गिरणी निघायच्या पन्नासेक वर्षं आधी. आमची बिल्डिंग त्याच भागातली, नाव सांगत नाही कारण पुढे तक्रारी आहेत. चौथा मजला, एकच लांबलचक खोली, छत तेराएक फूट, वर लाकडी माळा केलाय तिथे बेड. भिंती उघड्या विटांच्या आणि हॉलच्या बरोब्बर मधे एक ओतीव लोखंडाचा खांब. सोफा कुठेही ठेवा, टीव्ही बघताना खांब मधे येतोच.

फोटोत जे जे भारी दिसतं ना ते सगळं सुतासाठी केलेलं होतं, माणसासाठी नाही, हे कळायला मला पहिला हिवाळा लागला. खिडक्या एवढ्या मोठ्या का, तर तुटलेला धागा दिसायला उजेड पाहिजे. छताला विटांच्या कमानी का, तर खाली कापसाचा भुगा आणि जमिनीत मुरलेलं तेल, लाकडी मजला असता तर ठिणगी पडली की गिरणी खाक. जून महिन्यात त्या खिडक्यांमधून रात्री साडेनऊपर्यंत ऊन येतं, विटा नुसत्या पेटल्यासारख्या दिसतात, तेव्हा भाडं अजिबात जड वाटत नाही. डिसेंबरात दुपारी चारला अंधार आणि त्याच खिडक्यांमधून गार वारा आत. काचा एकेरी, बिल्डिंग संरक्षित यादीतली, त्यामुळे खिडकी बदलायची तर कौन्सिलची परवानगी, आणि ती मागायची घरमालकाने, तो कशाला मागतोय! एजंट बाईंनी "हीटिंगचा काही प्रॉब्लेम नाही" असं तोंडभरून सांगितलेलं. जानेवारीचं विजेचं बिल २३० पाउंड आलं. गॅस नाही, सगळे इलेक्ट्रिक हीटर, आणि ऊब जाते सरळ वर, म्हणजे माळ्यावर नवरा पंखा लावून झोपतो आणि खाली मी शाल, मोजे, टोपी. शेवटी एक जुनी सुती साडी फाडून खिडकीच्या फटींत कोंबली, त्याने खरंच फरक पडला.

पापड दोन दिवसांत मऊ पडतात, हे बाबांना सांगितलं तर म्हणाले दमट हवाच लागते, नाहीतर सूत तुटतं, आमच्या गिरणीत तर मुद्दाम पाण्याचे फवारे सोडायचे. आता बाबांना कोण सांगणार की इथे फवारे बंद होऊन जमाना झाला, हा नुसता मँचेस्टरचा पाऊस आहे.

आवाजाचं म्हणाल तर वरच्यांच्या पावलांचा त्रास शून्य, कमानी जाडजूड आहेत. पण घरातल्या घरात घुमतं. पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली तेव्हा शेजारचा मुलगा बघायला आला सगळं ठीक आहे ना. गालिचे टाकल्यावर आणि जाड पडदे लावल्यावर बरंच कमी झालं (पडदे शिवून घ्यावे लागले, एवढ्या उंचीचे तयार मिळत नाहीत). स्वयंपाकघर वेगळं नाही, त्यामुळे फोडणीचा वास थेट माळ्यावरच्या उशीपर्यंत, आणि मिरचीची फोडणी दिली की स्मोक अलार्म. भिंतीला खिळा मारायला बंदी. मोबाईलला रेंज फक्त खिडकीपाशी.

एरिया मात्र मस्त. कोपऱ्यावरच्या जुन्या सेंट पीटर्स चर्चमध्ये आता हॅले ऑर्केस्ट्राच्या तालमी चालतात. कॅनॉलवर बदकं आहेत, हंसही आहेत आणि ते अंगावर येतात. शनिवारी रात्री कटिंग रूम स्क्वेअरमध्ये गोंधळ असतो, लहान मूल असेल तर विचार करा. वाणसामानाला बस पकडून रशोमला, देशी दुकानांच्या भागात, जावं लागतं, इथे पाव मिळतो, चार पाउंडांचा.

कधीकधी माळ्यावर पडल्या पडल्या परळ-लालबाग आठवतं. १९८२ च्या संपानंतर आमच्याकडच्या गिरण्या एकेक करत बंद पडल्या, जागेवर मॉल, टॉवर, ऑफिसं, कुठे एखादी चिमणी तेवढी ठेवलीय शोभेला. इथे भिंती तरी राखल्या म्हणून बरं वाटतं, पण खरं सांगायचं तर कामगारांची घरं इथेही फारशी उरली नाहीत आणि आमच्या मजल्यावर सगळे लॅपटॉपवालेच, त्यात मीही आलेच.

बघायला जाणार असाल तर जानेवारीत जा, चारनंतर, खिडकीजवळ हात धरून बघा आणि मागच्या भाडेकरूचं विजेचं बिल मागा. उन्हाळ्यात बघाल तर हमखास फसाल. आम्ही करार अजून वर्षभर वाढवलाय, नवऱ्याच्या मते त्या खिडक्यांसाठी, माझ्या मते तो बेड माळ्यावरून परत खाली उतरवायचा कंटाळा.