हजार किलोमीटरची मोफत सर्व्हिस: काय करून घ्यावं, कशाला नाही म्हणावं

निकाल आधीच सांगतो. नव्या कारची हजार किलोमीटरची किंवा पहिल्या महिन्याची सर्व्हिस, जी आधी येईल ती, अजिबात चुकवू नका. पण साधी पेट्रोल गाडी असेल तर त्या दिवशी ऑइल बदलायची घाई नको. ऑइल लवकर बदलायचंच असेल तर पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने हा टप्पा जास्त शहाणपणाचा. आणि अ‍ॅव्हरेज वाढेल या आशेने बदलणार असाल तर पैसे खिशातच राहू द्या.

मोफत असते ती फक्त मजुरी. ऑइल, फिल्टर, वॉशर यांचं बिल ग्राहकाच्या नावावरच निघतं. बहुतेक कंपन्यांच्या वेळापत्रकात या टप्प्यावर तपासणीच असते: ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी, कुठे गळती आहे का, चाकांचे नट, बॅटरीचे टर्मिनल, टायरची हवा, सॉफ्टवेअर अपडेट. यातली टायरची हवा बारकाईने बघून घ्या. यार्डात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे टायर एका बाजूला चपटे होऊ नयेत म्हणून त्यांत जास्त हवा भरलेली असते, आणि डिलिव्हरीच्या गडबडीत ती कमी करायची राहून जाते. गाडी दगडासारखी आदळते अशी तक्रार असेल तर सस्पेन्शनवर शंका घेण्याआधी ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा बघा.

आता ऑइलकडे. “बाइकचं ऑइल पाचशेला बदलतात, मग कारचं का नाही?” हा प्रश्न रास्त आहे. रॉयल एन्फिल्डच्या पहिल्या सर्व्हिसला ५०० किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर बदलतात, कारण बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर चालतात. नव्या गिअरच्या दातांची आणि क्लच प्लेटची झीज सगळी त्यातच उतरते. कारचा गिअरबॉक्स वेगळा, त्याचं ऑइलही वेगळं. इंजिन ऑइलमध्ये येतो तो फक्त इंजिनाच्या झिजलेल्या धातूचा कीस, आणि त्यातला बराचसा फिल्टर अडवतो.

हा कीस येतो कुठून? सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून काढलेल्या, आडव्यातिडव्या बारीक रेघा असतात. त्या ऑइल धरून ठेवतात, आणि रेघांच्या टोकांवर घासत पिस्टनच्या रिंग बसतात. हल्ली कारखान्यातच ही टोकं सपाट करून घेतात, म्हणून पूर्वीइतकं रनिंग-इन (नव्या इंजिनाचे भाग घासून नीट बसेपर्यंत सांभाळून चालवणं) लागत नाही. तरी ते लागतंच. रिंग भिंतीवर नीट दाबली जाते ती जळणाऱ्या वायूच्या दाबाने, म्हणजे इंजिनावर थोडाफार भार असेल तेव्हा. म्हणूनच नवी गाडी फार जपून, टॉप गिअरमध्ये रडतखडत चालवणाऱ्यांच्या इंजिनात रिंग धड बसत नाहीत. भिंत गुळगुळीत होते, आणि पुढे गाडी ऑइल प्यायला लागते.

आपल्याकडे नवी गाडी घेतली की पूजा होते आणि लगेच देवदर्शन ठरतं. शिर्डी असो, तुळजापूर असो की कोल्हापूर, जरूर जा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक्सप्रेसवेवर क्रूझ कंट्रोल लावून तासभर एकाच वेगाने जाऊ नका, वेग ऐंशी ते शंभरमध्ये वरखाली ठेवा. खंडाळ्याचा किंवा खंबाटकीचा घाट पाच माणसं आणि सामान घेऊन चढताना गिअर वेळेत खाली टाका. चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून गाडी ओढणं हे ३५०० आरपीएमला तिसऱ्यात चढण्यापेक्षा नव्या इंजिनाला कितीतरी जास्त बाधतं. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा नसेल तर पहिले हजार किलोमीटर पेट्रोल ४००० आणि डिझेल ३००० आरपीएमच्या आत ठेवावं. उतारावर गिअरमध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडा. पेट्रोल गाडीत त्या वेळी सिलिंडरमध्ये निर्वात तयार होऊन ऑइल रिंगपर्यंत खेचलं जातं आणि बारीक कीस धुऊन निघतो. सकाळी गाडी जागेवर दहा मिनिटं चालू ठेवायची सवय मात्र सोडा.

लवकर ऑइल बदलण्याबाबत कंपन्यांचंही एकमत नाही, आणि दोन्ही बाजूंना कारणं आहेत. होंडाच्या मॅन्युअलमध्ये वेळापत्रकाआधी ऑइल बदलू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. उलट बीएमडब्ल्यूच्या एम, म्हणजे जास्त ताकदीच्या स्पोर्टी गाड्यांना २००० किलोमीटरवर इंजिन ऑइलबरोबर मागच्या डिफरन्शियलचंही (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचं) ऑइल बदलावं लागतं. आपल्या हॅचबॅकचं इंजिन त्या जातकुळीचं नाही. त्यामुळे ज्याच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते आधी पाळा.

अपवाद दोन. टर्बो डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल गाडी आणि रोजची धाव चार-पाच किलोमीटरची असेल तर इंजिन पुरेसं तापतच नाही, आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वर चढली असेल, तर पाच हजारांचीही वाट बघू नका. दुसरा अपवाद बीएस ६ डिझेलचा. डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई चालू असताना गाडी वारंवार बंद केली तर तसंच डिझेल ऑइलमध्ये मिसळतं. त्यात ऑइल फक्त कमी राखेचंच, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या एसीईए सी (युरोपीय कार कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेल्या) वर्गातलंच हवं.

बदलायचं ठरलंच, तर काम कसं होतंय ते उभं राहून बघा. काही वर्कशॉपमध्ये डिपस्टिकच्या नळीतून मशीनने ऑइल ओढून घेतात. एरवी चालेल, पण पहिल्या बदलात नाही, कारण कीस तळाशी बसलेला असतो. इंजिन गरम असताना गाडी लिफ्टवर घेऊन चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) बोल्ट काढायला लावा आणि धार थांबून थेंब पडायला लागेपर्यंत थांबा. निघालेल्या ऑइलमध्ये अभ्रकासारखी बारीक चमक दिसली तर घाबरू नका, ती स्वाभाविक आहे. चिमटीत धरता येईल असा तुकडा दिसला तर मात्र फोटो काढा आणि जॉब कार्डवर नोंद करून घ्या. बोल्टचा वॉशर नवाच हवा. जुनाच लावून बोल्ट जोरात आवळला की अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात आणि दोनशे रुपयांचं काम हजारोंवर जातं. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावून तो हातानेच बसवायचा. रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरतो.

छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल बसतं. चार लिटरचा कॅन फोडून सगळाच ओतला जाण्याचा प्रकार सर्रास चालतो. पातळी डिपस्टिकवरच्या एफ (फुल) खुणेच्या वर गेली की इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे क्रँक, ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही. इंजिन बंद करून, सपाट जागी पाच मिनिटं थांबून डिपस्टिक स्वतः बघा. ग्रेडही बघा. मारुतीच्या अलीकडच्या के-सिरीज इंजिनांना ०डब्ल्यू-१६ लागतं, आणि इतक्या पातळ ऑइलचा दर्जाही वेगळा ठरलेला आहे. “आपल्या उन्हाला जाड बरं” म्हणत ५डब्ल्यू-३० ओतलं तर अ‍ॅव्हरेज थोडं घटतंच.

अ‍ॅव्हरेजचं बोलायचं तर पहिल्या दोन टाक्यांवरून काहीच ठरवू नका. युरोपच्या जुन्या इंधन चाचणीत गाडी किमान ३००० किलोमीटर चाललेली असणं नियमानेच बंधनकारक होतं. अमेरिकेचं सरकारी संकेतस्थळ तर पूर्ण अ‍ॅव्हरेज मिळायला तीन ते पाच हजार मैल लागू शकतात असं सांगतं. पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेचा आकडा रोलरवर, एसी बंद ठेवून, कमाल ९० किमी वेगाच्या चक्रात काढलेला असतो. २०२४च्या मॅन्युअल गिअरच्या स्विफ्टचा लिटरला २४.८० किलोमीटर हा आकडा तसाच वाचायला हवा. त्यात ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर: लिटरमागची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी. नवी गाडी ई२०साठी जुळवलेली असल्याने सगळा तोटा अ‍ॅव्हरेजमध्ये दिसत नाही, पण काही दिसतोच. मोजायचं असेल तर एकाच पंपावर, पहिल्या ऑटो-कटला थांबून टाकी भरा, चारशे किलोमीटर चालवा आणि तिथेच पुन्हा तसंच भरा. डॅशबोर्डचा आकडा बहुधा जास्तच दाखवतो.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर यादीत आणखी काय घालतो तेही बघा. हजार किलोमीटरच्या गाडीत इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग किंवा पेट्रोलमध्ये टाकायची बाटली यातलं काहीही लागत नाही. गाडी एका बाजूला ओढत नसेल तर अलाइनमेंटही नको. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ राहत असाल तर अंडरबॉडी कोटिंगचा विचार करा, पण तेही तिथेच करायला हवं असं नाही.

तपासणी म्हणून या सर्व्हिसला पाचपैकी चार. विकायच्या यादीसकट धरली तर अडीच. बाहेर ऑइल बदललंत तर ग्रेड, लिटर, किलोमीटर आणि फिल्टरचा पार्ट नंबर असलेलं बिल जपून ठेवा, वॉरंटीच्या वेळी तेच विचारलं जातं. पुढचे पाच हजार किलोमीटर दर हजाराला डिपस्टिक बघून पातळी लिहून ठेवा. सुरुवातीला थोडं ऑइल कमी होणं चालतं. फोक्सवॅगन हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत मान्य धरते. पाच हजारांनंतरही तितकंच जात असेल, तर लिहिलेली वही आणि बिलं घेऊन वर्कशॉपमध्ये जा आणि ऑइल कन्झम्प्शन टेस्टची लेखी मागणी करा.