ब्लॉग शोधायचे चार रस्ते आणि सोलापुरातले दोन वाचक

जुळे सोलापुरात आमच्या मागच्या गल्लीत एक सर राहतात. गणित शिकवायचे, आता निवृत्त आहेत. डिसेंबरात भाजी घेताना त्यांनी मला गाठलं. "ते ब्लॉग का काय म्हणता, ते अजून असतात का? आणि असले तर सापडतात कुठं?" त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला. तिचा कॉलेजचा प्रकल्प सोलापूरच्या यंत्रमागावर. आकडे आणि इतिहास मिळाला होता, पण मागावर उभं राहिलेल्या घरातल्या कुणी स्वतः लिहिलेलं काही तिला हवं होतं. मी दोघांनाही एकच सल्ला देऊन मोकळा झालो आणि आठ दिवसांनी दोघांनीही तो परत आणून दिला.

म्हणून हा आढावा. मी २००८ च्या आसपास मराठी ब्लॉग वाचायला लागलो. ब्लॉग शोधायचे चार रस्ते मी वापरून पाहिलेत: शोधयंत्र, ब्लॉगांच्या याद्या, फीड (ब्लॉगवर नवा लेख आला की तो आपोआप तुमच्यापर्यंत आणणारी सोय), आणि व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुक. चारही रस्ते एकाच गावाला जात नाहीत.

शोधयंत्र

भाचीनं गुगलवर "सोलापूर चादर" टाकलं होतं. "मामा, सगळी दुकानंच यायलीत की," म्हणाली. येणारच. त्या दोन शब्दांवर विकणाऱ्यांचा हक्क आधीपासून आहे. वर लिपी एकच असल्यानं हिंदी मजकूरही त्याच ढिगात येऊन पडतो, आणि 'चादर' तर दोन्हीकडची.

यावर उपाय सोपा आहे. हिंदीत नसलेले आणि दुकानदार वापरत नाही असे शब्द टाकायचे. ळ असलेला शब्द चांगली चाळणी आहे. त्याहून चांगली चाळणी म्हणजे घरगुती शब्द: आमच्या, लहानपणी, आजी म्हणायची, वडील. "वडील मागावर रात्रपाळी", "लहानपणी कांड्या भरायचो", "धोटा आवाज पूर्व भाग" अशी वाक्याची तुटकी टोकं टाकली की जाहिराती गळतात आणि आठवणी वर येतात (धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा इकडून तिकडं नेणारा, पूर्व भाग म्हणजे सोलापुरातली विणकरांची वस्ती). आठवण लिहिणारा माणूस 'यंत्रमाग उद्योग' असं लिहीत नाही, 'खटखट' लिहितो.

आणखी तीन गोष्टी उपयोगी पडतात. एक, शुद्धलेखन बदलून पाहायचं. 'होतं' आणि 'होते', 'सोलापूर' आणि 'सोलापुर'. ब्लॉगवर मुद्रितशोधक नसतो. दोन, काळाची मर्यादा घालायची. गुगलच्या साधनांत तारखेपासून तारखेपर्यंत असा पर्याय असतो. २००७ ते २०१३ एवढाच काळ घातला तर नंतरच्या यूट्यूब चित्रफिती आणि बातम्यांचा लोंढा बाजूला होतो. तीन, इंग्रजी अक्षरांत 'साईट', मग अपूर्णविराम आणि त्याला चिकटून ब्लॉगस्पॉट या गुगलच्या फुकट ब्लॉगसेवेचा डॉटकॉम पत्ता, पुढे मराठी शब्द. मग फक्त त्याच घरातले निकाल येतात. वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉगसेवेच्या पत्त्यालाही हेच चालतं.

एवढं करून भाचीला दुसऱ्या दिवशी एक लेख सापडला. आजोबांच्या मागाबद्दल, २०१० सालचा. ती खूश. सरांना मात्र याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण त्यांना काय शोधायचंय हेच ठरलेलं नव्हतं. "मला वाचायचंय," एवढंच त्यांचं म्हणणं. शोधयंत्राला प्रश्न लागतो. नुसती वाचायची भूक घेऊन गेलात तर ते तुम्हाला कडक भाकरीची पाककृती दाखवून परत पाठवील.

याद्या

सरांचं काम झालं ते इथं. आणि खरं सांगायचं तर ब्लॉग शोधायचा मूळ रस्ता हाच आहे. जॉर्न बार्गर या अमेरिकन माणसानं डिसेंबर १९९७ मध्ये 'वेबलॉग' हा शब्द वापरला, तेव्हा त्याचं पान म्हणजे मुळात दुव्यांची यादीच होती: आज मी हे वाचलं, हे पाहा. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झनं गमतीनं तो शब्द फोडून 'वी ब्लॉग' केला आणि त्यातून 'ब्लॉग' सुटा झाला. म्हणजे दुसऱ्याच्या घराकडं बोट दाखवणं ही सवय या प्रकाराच्या जन्मापासूनची.

मराठीत ती चांगली रुजली. ब्लॉगच्या उजव्या कडेला "मी वाचते ते", "शेजार", "माझे सोबती" अशा नावांची यादी असायची. ब्लॉगस्पॉटवर ही यादी आपोआप हलते. ज्यानं ताजं लिहिलं तो वर येतो. 'मराठी ब्लॉग विश्व' नावाचं एक संकलन होतं, तिथं नोंदवलेल्या ब्लॉगांवरचं नवं लेखन एकाखाली एक दिसायचं. स्टार माझा वाहिनीनं 'ब्लॉग माझा' ही स्पर्धा घेतली होती. त्या विजेत्यांची नावं म्हणजे आयती यादीच. 'रेषेवरची अक्षरे' हा जालावरचा दिवाळी अंक तर ब्लॉगांवरचंच निवडक लेखन घेऊन निघाला. अंक वाचायचा, लेख आवडला की मूळ ब्लॉगवर जायचं आणि तिथल्या कडेच्या यादीतून पुढं सटकायचं.

मग होता 'खो'. एकानं एखाद्या विषयावर लिहायचं, शेवटी दोन-तीन ब्लॉगरांना खो द्यायचा, त्यांनी लिहून पुढच्यांना द्यायचा. आवडती पुस्तकं, कवितेचा अनुवाद, काहीही. आज एखादा जुना खो हाताला लागला तर तो सोडू नका. कोण कुणाला वाचत होतं याचा तो नकाशा असतो.

सर एका सह्याद्रीतल्या भटकंतीच्या ब्लॉगवरून सुरू झाले (स्वतः सिंहगडसुद्धा चढलेले नाहीत). तिथून एका गावाकडच्या डॉक्टरकडं, तिथून जुन्या स्वयंपाकघराबद्दल लिहिणाऱ्या एका बाईंकडं गेले. आता यातला एकही विषय त्यांनी गुगलवर टाकला नसता.

या रस्त्याचा दोष उघड आहे: पाट्या आहेत, घरं बंद आहेत. निम्म्या दुव्यांवर शेवटचा लेख "खूप दिवसांनी लिहितोय, आता नियमित लिहीन" असा असतो आणि त्याला दहा वर्षं झालेली असतात. पण बंद दिसणाऱ्या काही दारांना नुसतं ढकलायचं असतं. मधल्या काळात ब्लॉगस्पॉटचे पत्ते भारतात डॉट-इन असे उघडायचे, आणि लोकांनी तेच आपल्या याद्यांत उतरवून ठेवले. २०२० मध्ये तो भारतीय पत्ताच गुगलच्या हातून गेला, त्यामुळं हे सगळे दुवे एकदम मेले. शेवटचं 'इन' खोडून 'कॉम' लिहा, ब्लॉग बहुतेक वेळा जिथल्या तिथं असतो. सरांच्या यादीतले बरेच असेच जिवंत झाले. ज्यांनी ब्लॉग खरोखर पुसून टाकला आहे त्यांच्यासाठी जुनी पानं साठवून ठेवणारं इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन आहे. तिथं जुना पत्ता टाकून पाहावा. सगळं मिळत नाही, पण कधी कधी चित्रं गळलेला मजकूर तरी हाती लागतो.

फीड

फीड ब्लॉग शोधून देत नाही. सापडलेला हरवू देत नाही. तरी तुलनेत मी त्याला वरचा नंबर देतो, आणि त्याचं कारण मराठी ब्लॉगरांचा स्वभाव.

व्यवस्था अशी: बहुतेक ब्लॉग आपल्या नव्या लेखनाची एक साधी फाईल आपोआप तयार करत असतात. या फाईलच्या प्रकाराला आरएसएस म्हणतात. ती कल्पना १९९९ ची, नेटस्केप कंपनीतली. फीडवाचक नावाचं अ‍ॅप ती फाईल अधूनमधून तपासतं आणि नवं काही आलं तर तुमच्यासमोर ठेवतं. फीडली, इनोरीडर ही आजची नावं. दोन्ही मर्यादित प्रमाणात फुकट वापरता येतात. ब्लॉगचा पत्ता चिकटवला की फीड तेच शोधून घेतात. पूर्वी हे काम गुगल रीडर करायचं. ते २००५ मध्ये आलं आणि १ जुलै २०१३ ला बंद झालं. ब्लॉग त्या दिवशी मेले असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. लिहिणारे त्याआधीच फेसबुककडं निघाले होते. रीडर गेल्यावर वाचणाऱ्यांचाही पाय मोकळा झाला, इतकंच.

आता स्वभावाचं. चांगला मराठी ब्लॉगर वर्षातून दोनदा लिहितो. एकदा पावसाळ्यात, एकदा आई गेल्यावर किंवा घर बदलल्यावर. असा ब्लॉग तुम्ही दर आठवड्याला उघडून पाहणार नाही. तीन वेळा तेच पान दिसलं की विसरणार. फीडला कंटाळा नसतो. आठ महिन्यांनी एक लेख आला तरी तो सकाळी समोर असतो. मेला म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी ब्लॉगांवर वर्षाला एखादा लेख येत होता, हे मला फीड लावल्यावर कळलं.

तोटे आहेत. काही जण फीडमध्ये पहिल्या दोन ओळीच सोडतात. उरलेलं वाचायला ब्लॉगवर जावं लागतं. आणि प्रतिक्रिया दिसत नाहीत. मराठी ब्लॉगवर प्रतिक्रिया म्हणजे अर्धी मजा. "सहमत" आणि "+१" वगळा, पण कुणीतरी खाली येऊन "आमच्या बार्शीला याला वेगळं म्हणतात" असं लिहितं, ते मूळ लेखाइतकंच मोलाचं असतं. म्हणून आवडलेल्या लेखावर टिचकी मारून खाली उतरायची सवय ठेवावी.

एक सावधगिरी. अजून पुष्कळ ब्लॉगांवर "नवीन लेख ई-मेलने मिळवा" अशी चौकट दिसते. ब्लॉगस्पॉटवरची ती जुनी सोय गुगलनं २०२१ मध्ये बंद केली. पत्ता भरून वाट पाहत बसू नका. वर्डप्रेस डॉटकॉमवरची 'सबस्क्राइब'ची (पूर्वीचं 'फॉलो') सोय मात्र चालते, आणि तिथल्या 'रीडर' या वाचायच्या पानावर 'मराठी' असा टॅग धरून ठेवला तर अनोळखी ब्लॉगही समोर येतात. निवडक नसतात, कवितांना तयार राहा.

व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक

इथं थोडक्यात उरकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लेख येतो तेव्हा लेखकाचं नाव वाटेत सांडलेलं असतं, किंवा कुणा थोराचं चिकटवलेलं असतं. वाचायला हरकत नाही, पण तिथं थांबू नये. लेखातलं सहा-सात शब्दांचं एखादं वेगळं वाक्य उचलायचं, अवतरणचिन्हांत घालून शोधायचं. सरांच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर "लेखक अज्ञात" म्हणून फिरणारा एक लेख असाच दोन मिनिटांत २०११ च्या ब्लॉगवर सापडला. नावासकट, तारखेसकट. सरांनी तो दुवा ग्रुपवर टाकला. कुणी उघडला नाही, ते वेगळं.

फेसबुकबद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं: आज चांगलं ताजं मराठी लेखन ब्लॉगपेक्षा तिथं जास्त होतं. पण गेल्या वर्षीचा लेख परत काढून वाचायचा म्हटला तर लेखकालाही सापडत नाही. ब्लॉगवर कडेला साल आणि महिना असतो, त्यावर बोट ठेवलं की झालं.

मग कुणी काय घ्यावं

नेमका विषय हाताशी असेल आणि काम महिन्याभरात संपणार असेल, तर फक्त शोधयंत्र, वर सांगितलेल्या शब्दांच्या युक्त्यांसह. फीड लावायच्या भानगडीत पडू नका. वाचायची सवय लावायची असेल तर आधी एका रविवारी याद्यांमधून भटकंती, मग आवडलेले दहा-बारा ब्लॉग फीडमध्ये. शंभर भरू नका. मी ते केलंय. न वाचलेल्या लेखांचा आकडा चार अंकी झाला की माणूस अ‍ॅपच काढून टाकतो. ज्यांना मोबाईलवर नवं काही बसवायचंच नाही, त्यांनी वहीत पाच पत्ते लिहून महिन्यातून एकदा उघडावेत. हेही चालतं.

सरांकडं सध्या चौदा ब्लॉग आहेत. रोज सकाळी वाचतात, नळाला पाणी येतं तो दिवस सोडून.

भाचीनं त्या २०१० च्या लेखाखाली प्रतिक्रिया लिहिली. मी म्हटलं होतं, कशाला, माणूस केव्हाच लिहायचा थांबलाय. पण प्रतिक्रिया आली की लेखकाला मेल जाईल अशी सोय ब्लॉगस्पॉटवर असते, आणि लोक ब्लॉग सोडतात तरी मेल सोडत नाहीत. अकराव्या दिवशी उत्तर आलं. माग विकला, पण आजोबांचा धोटा अजून घरात आहे, फोटो पाठवतो. आता तिचा नवा प्रश्न आहे, प्रतिक्रियेतून मिळालेली माहिती प्रकल्पात संदर्भ म्हणून लिहिता येते का. मी म्हटलं, ते तुझ्या मॅडमना विचार.