फ्लोराइड व्हार्निश: वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

मुलाच्या समोरच्या दातांवर हिरड्यांलगत खडूसारखे पांढरट पट्टे, म्हणजे किडीची सुरुवात, दिसू लागल्यावर जळगावच्या दंतवैद्यांनी दर सहा महिन्यांनी फ्लोराइड व्हार्निश लावण्याचा सल्ला दिला. पाच टक्के सोडियम फ्लोराइड असलेले हे चिकट द्रव्य दात कोरडे करून लहान ब्रशने लावतात. लाळ लागताच ते घट्ट होते. काम काही मिनिटांचे आहे. त्या दिवशी दात पिवळट दिसतात आणि काही तास गरम वा कडक खाता येत नाही, एवढीच गैरसोय.

तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, आणि पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधील, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरातील, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागते. लाळ ही झीज भरून काढते. फ्लोराइड असेल तर ही भरपाई लवकर होते आणि नव्याने बसलेला थर अधिक तीव्र आम्लातही टिकतो. व्हार्निशमुळे दातांवर कॅल्शियम फ्लोराइडचा साठा राहतो व त्यातून फ्लोराइड हळूहळू सुटत राहते. आमच्याकडे बहुतेक पट्टे पसरायचे थांबले आणि एकावर पुन्हा चकाकी आली. मात्र दुधाच्या ज्या दाढेत आधीच खड्डा पडला होता, ती भरावीच लागली. पडलेले छिद्र व्हार्निशने बुजत नाही.

गावाकडे, रावेर तालुक्यात, कूपनलिकेचे पाणी प्यायले जात असल्याने त्याची तपासणी करून घेण्यास डॉक्टरांनी सांगितले, ते मला योग्य वाटले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते; त्याहून अधिक फ्लोराइड कायमचे दात घडत असताना वर्षानुवर्षे पोटात गेले, तर दातांवर डाग येतात. वर्षातून दोनदा लावलेल्या व्हार्निशपेक्षा रोज गिळली जाणारी टूथपेस्ट मला अधिक काळजीची वाटते. म्हणून वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी आणि ती थुंकून टाकायला लावावी.

दाढांच्या खोल खाचांत व्हार्निशचा उपयोग तुलनेने कमी होतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एकही दात न पडता येणारी दाढ कायमची असते, पण पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात. त्यातच आमच्या भागात घरोघरी असणारे केळ्याचे वेफर्स नेमके तिच्याच खाचांत अडकून बसतात. तिथे सीलंट, म्हणजे खाचा बंद करणारा पातळ थर, भरून घेणे बरे. त्याचा खर्च वेगळा लागतो, तो आधीच विचारून घ्यावा.