बडोद्याचा प्लॅनर आणि मलावीच्या गोळ्या: स्किल्स व्हॉलंटिअरिंगचे नऊ महिने

ऑफिसातल्या तीन-चार जणांनी विचारलं, कंपनीच्या स्किल्स व्हॉलंटिअरिंगच्या योजनेत यंदा नाव द्यावं का. प्रत्येकाला कँटीनमध्ये वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५ असे नऊ महिने मी हे केलं. बडोद्यातल्या एका कारखान्यात मी सतरा वर्षं प्लॅनिंगला आहे. पुढच्या महिन्यात किती माल लागेल ते सांगायचं, आणि चुकलं की सेल्सवाल्यांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. औषधांतलं मला क्रोसिनपलीकडे काही कळत नव्हतं.

योजना अशी. कंपनी आठवड्याला चार तास धरते, दोन ऑफिसचे आणि दोन तुमच्या पदरचे. पोर्टलवर आपलं काम लिहायचं, आणि ते आपल्याला जगात कुठेतरी आरोग्याचं काम करणाऱ्या एखाद्या संस्थेशी जोडून देतं. इथे झाडं लावायची नसतात; ज्याचा पगार मिळतो तेच काम फुकट करायचं असतं. कल्पना जुनी आहे. औषध कंपन्यांपैकी फायझरनं २००३ मध्ये आणि जीएसकेनं २००९ मध्ये असे कार्यक्रम सुरू केले, त्यात माणूस काही महिने संस्थेतच जाऊन काम करायचा. आमचं म्हणजे त्याचं लॅपटॉपवरचं गरीब भावंड.

पैशाबद्दल एक गैरसमज आहे, तो आधी काढतो. हे सीएसआरच्या, म्हणजे कंपनीनं नफ्यातून समाजकार्यावर खर्चायच्या २ टक्क्यांत येत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालच्या खर्चात कर्मचाऱ्यांच्या वेळेची किंमत लावता येत नाही, आणि भारताबाहेरचं काम तर खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा अपवाद सोडला तर त्यात बसतच नाही. म्हणून ही योजना एचआरच्या गळ्यात आहे. एचआरच्या गळ्यात पडलेल्या गोष्टीचं जे होतं तेच हिचं झालंय: तास भरा, फोटो पाठवा.

जोडणी पहिल्यांदा फसली. 'डिमांड प्लॅनिंग' हे माझ्या कामाचं नाव वाचून मला एका संस्थेच्या निधी संकलनाची पोस्टर्स करायला दिली. 'डिमांड' म्हणजे देणग्या मागणं असं कोणाला वाटलं की काय, देव जाणे. दोन आठवडे गेले. दुसऱ्यांदा आफ्रिकेतलं मलावी मिळालं.

तिथल्या दुर्गम खेड्यांत हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट नावाचे सरकारी आरोग्य कार्यकर्ते असतात. आपल्या आशाताईंच्या जवळपासचं काम समजा, पण पाच वर्षांखालच्या मुलांचा मलेरिया, न्यूमोनिया आणि जुलाब यांवर गावातच औषधही देतात. संस्था त्यांच्या औषध पुरवठ्याचं बघते. तिकडच्या लॉजिस्टिक्सच्या बाई पहिल्याच कॉलला म्हणाल्या, गावात गोळ्या संपतात, कागदावर मात्र सगळं बरोबर दिसतं. जरा बघता का?

बघतो म्हणालो आणि पाच आठवडे खपून अकरा शीट्सची एक्सेल केली. तिकडे पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, मलेरिया तेव्हाच चढतो, म्हणून महिन्यावार इंडेक्स, म्हणजे कोणत्या महिन्यात खप किती चढतो-उतरतो ते. वर मॅक्रो, रंग, आलेख. बाईंनी ती फाइल मोबाइलवर उघडली. म्हणजे उघडलीच नाही. मग मी सल्ला दिला की गावात दोन महिन्यांचा जादा साठा ठेवा. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुठे?" कार्यकर्ता आरोग्य केंद्रावरून औषधं सायकलवर आणतो आणि घरी कुलपाच्या एका लाकडी पेटीत ठेवतो. माझ्या डोक्यात रॅक, पॅलेट आणि फोर्कलिफ्ट होते. त्या दिवशी कॉल लवकर संपला.

योजनेवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप इथेच आहे. पहिले दोन महिने फक्त ऐकायला हवे होते, पण पोर्टलवर 'ऐकणं' ह्या कामाला रकाना नाही. 'डिलिव्हरेबल'ला, म्हणजे काय बनवून दिलं त्याला, आहे. म्हणून सगळे घाईघाईनं काहीतरी बनवतात, मीही बनवलं.

मग ऑगस्ट आला. २६ तारखेपासून विश्वामित्री नदीच्या पुरानं काय केलं ते बडोद्यात कोणाला सांगायला नको. आमचं घर मुजमहुड्याला. पार्किंगमध्ये गळ्याएवढं पाणी. बायको-मुलांना घेऊन दांडिया बाजारात काकांकडे गेलो. मलावीच्या बाईंना रस्त्यावरच्या मगरीचा फोटो पाठवला, तर उत्तर आलं, शिरे नदीत आमच्याकडेही भरपूर आहेत, तुम्ही सगळे बरे आहात ना? नऊ महिन्यांत मला कामाशिवाय पाठवलेला हा पहिला मेसेज. त्यानंतर आमचं बोलणंच बदललं.

काका साराभाई केमिकल्समध्ये स्टोअर्सला होते, आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत मी तो डेटा बघत होतो, ते शेजारी येऊन बसले.

"काय आहे रे हे?"

"काका, हे बघा ना. ह्या गावात महिन्याला चाळीसच पाकिटं लागतात. चाळीस पाठवतात. तरी म्हणतात पुरत नाही."

काकांनी चष्मा पुसला. "लागतात चाळीस, की असतात चाळीस?"

मी गप्प. सतरा वर्षांचा प्लॅनर. "बिन कार्ड मागव," म्हणाले, आणि उसळीत शेव घालायला उठले.

बिन कार्ड, म्हणजे साठ्याचं कार्ड, तिकडेही होतं. त्यावर औषध कोणत्या तारखेला संपलं हे लिहिलेलं असतं, पण महिन्याच्या अहवालात तो आकडा वर जात नव्हता. गणित सोपं आहे. समजा ३० दिवसांच्या महिन्यात ४० पाकिटं वाटली, पण १८ दिवस पेटी रिकामी होती. म्हणजे ४० पाकिटं १२ दिवसांत गेली. महिनाभर माल असता तर १०० गेली असती. आपण 'खप ४०' वाचून पुन्हा ४० पाठवतो, बाराव्या दिवशी पेटी पुन्हा रिकामी होते, आणि अहवाल पुन्हा म्हणतो ४०. गाव दर महिन्याला तुटवड्यात आणि कागद दर महिन्याला बरोबर. कारखान्यात मी ही दुरुस्ती रोज करतो, कारण तिथे माल नसला तर सेल्सवाला बोंब मारतो. खेड्यातली आई मुलाला पाठीशी बांधून परत जाते, तिची नोंद कुठेच होत नाही.

तर अकरा शीट्स फेकल्या आणि एक रकाना ठेवला: 'पेटी किती दिवस रिकामी'. एवढंच माझं योगदान. त्यातही एक खोच निघाली. माल खूप दिवसांनी आला की पहिल्या दोन-तीन दिवसांत गर्दी होते, तेव्हा थोड्या दिवसांच्या खपावरून गुणाकार केला तर आकडा फुगतो. म्हणून महिन्यात दहा दिवसांपेक्षा कमी माल असेल तर तो महिना सोडून द्यायचा असं ठरवलं.

दुसरी खोच बाईंनी दाखवली, ती मला इथे बसून जन्मात दिसली नसती. मलेरियाच्या आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनच्या गोळ्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या पाकिटांत येतात. ५ ते १५ किलोच्या आतल्या मुलाला सहा गोळ्यांचं पाकीट, १५ ते २५ किलोच्या आतल्याला बारांचं. दिवसातून दोनदा, तीन दिवस. सहाचं पाकीट संपलं की कार्यकर्ता बाराचं कापून निम्मं देतो. बरोबरच करतो, मूल वाचायला हवं. पण कागदावर दिसतं की लहान मुलं आजारी पडायची थांबली आणि मोठ्यांत साथ आली. तेव्हापासून आम्ही पाकिटं वेगळी न मोजता गोळ्या मोजायला लागलो.

बाकीचं भराभर. वेळेचा फरक साडेतीन तासांचा, त्यामुळे आपला संध्याकाळी साडेपाचचा कॉल त्यांना दुपारी दोनला पडतो, सोयीचं आहे. 'दोन तास ऑफिसचे' ही थाप आहे. महिनाअखेरीला ते तास मागून बघा, साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी बहुतेक रात्री आणि रविवारी केलं. नवरात्रात तर नऊ दिवस सरळ सुट्टी मागितली, बाईंना गरब्याचा व्हिडिओ पाठवून. पोर्टलचं ॲप मोबाइलवर हँग होतं. प्रशिक्षणाचे व्हिडिओ बघू नका, त्यापेक्षा संस्थेत खाली काम करणाऱ्या एका माणसाशी अर्धा तास बोला.

नाव द्यावं का? प्लॅनिंग, स्टोअर्स, अकाउंट्स किंवा मेंटेनन्समध्ये दहा-बारा वर्षं हात काळे केलेले असतील तर द्या. संस्थेनं नेमकी अडचण लिहिली असेल तरच होकार द्या. 'स्ट्रॅटेजी' असं मोघम लिहिलेलं असेल तर पोस्टर्स करायची तयारी ठेवा. प्रमोशनसाठी देत असाल तर राहू द्या, अप्रेझलमध्ये माझ्या साहेबांनी ती ओळ वाचलीसुद्धा नाही. आणि आपण गेल्यावर ती फाइल कोण चालवणार, हे पहिल्या कॉललाच विचारा. मी सातव्या महिन्यात विचारलं. नशीब, बाई स्वतःच चालवतात. मार्चमध्ये त्यांनी फाइल पाठवली तेव्हा माझे सगळे रंग काढून टाकलेले होते आणि एक नवा रकाना होता: उंदरांनी खाल्लेली पाकिटं.

शेवटी पोर्टल एक फॉर्म भरून घेतं. त्यात विचारलंय, तुमच्या कामामुळे किती जीव वाचले. मी रकाना रिकामा सोडला. फॉर्म पुढे जाईना, आकडाच मागतो. म्हणून शून्य टाकलं, आणि ते घेतलं त्यानं.