मध्ये पडायचं, पण कसं? बस, रस्ता आणि शेजारचं घर

जून २०२३ मध्ये पुण्यात सदाशिव पेठेत भरदिवसा एका मुलीवर कोयत्याने हल्ला झाला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणाने हल्लेखोराला अडवलं आणि ती वाचली. जानेवारी २०२५ मध्ये येरवड्यात एका कंपनीच्या पार्किंगमध्ये सहकाऱ्याने तरुणीवर वार केले. भोवती माणसं होती, व्हिडिओ निघाले, ती गेली. तेव्हापासून चर्चा एकाच प्रश्नावर अडते: अंगावर घ्यायचं की बघत राहायचं? यांच्या मधले मार्ग बरेच आहेत, आणि एरवीच्या छेडछाडीत तेच जास्त कामाला येतात.

थेट अडवणं सगळ्यात लवकर परिणाम करतं आणि सगळ्यात जास्त जोखमीचंही तेच. "अहो, लांब व्हा, तिला त्रास होतोय," एवढं ठणकावून म्हणणं गर्दीत, त्रास देणाऱ्याच्या हातात काही नसताना जमतं. तो दारू प्यायलेला असेल, तुम्ही एकटे असाल, तर नको. तो तिचा नवरा किंवा मित्र असेल तर चारचौघांतला अपमान तो नंतर तिच्यावर काढतो, हेही धरून चाला. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी बळ वापरायचा हक्क कायद्याने दिला आहे, पण माणूस पकडला गेल्यावर त्याला तुडवणं त्यात बसत नाही.

माझी पहिली पसंती लक्ष वळवण्याला. पीएमपीच्या भरलेल्या बसमध्ये कोणी मुलीला खेटून उभा आहे, ती बॅग छातीशी धरून पुढे सरकतेय, तो मागोमाग सरकतोय. अशा वेळी त्याच्याकडे न बघता तिला हाक मारायची: "अगं, तू इकडे कुठे? ये, इथे उभी राहा." बहुतेक मुलींना लगेच कळतं. नाही कळलं तर दोघांच्या मध्ये उभं राहून विचारायचं, "डेक्कनला कुठे उतरायचं हो?" यात भांडण पेटत नाही आणि बुजऱ्या माणसालाही हे जमतं. तो मोकळा सुटतो, हे खरं. तरी त्या क्षणी तिची सुटका आधी, असं मला मनापासून वाटतं.

कोणाला तरी मदतीला घेणं यापेक्षा संथ, पण शस्त्र दिसलं की पहिलं हेच. बसमध्ये कंडक्टर, सोसायटीत वॉचमन, बाकी सगळीकडे ११२. गर्दीत "कोणीतरी पोलिसांना बोलवा" म्हटलं तर कोणीच बोलवत नाही. एकाकडे बोट करून सांगा: "निळा शर्ट, तुम्ही ११२ लावा. ताई, तुम्ही १०८ला, ॲम्ब्युलन्स मागवा." पत्ता "सिंहगड रोड" असा मोघम नको. राजाराम पुलाच्या अलीकडे की पलीकडे, समोर कुठलं दुकान, हे सांगा.

व्हिडिओ शेवटी, आणि मदतीला दुसरं कोणी असेल तरच. बसचा नंबर, स्टॉप, वेळ टिपा. ते चित्रण तिचं आहे. सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. लैंगिक अत्याचारात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे.

शेजारच्या घरातली मारहाण मात्र वेगळी, कारण दार बंद झालं की बाई पुन्हा मारणाऱ्याच्या तावडीत. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'बेल बजाओ' मोहिमेचा उपाय साधा होता: जाऊन बेल वाजवा. आपल्याकडे निमित्ताला तोटा नाही. "तुमच्याकडे पाणी येतंय का हो?" चालतं. "आवाज ऐकला म्हणून आलो" असं मात्र म्हणू नका, ती कोणाला काही बोलली असा संशय तिच्यावर जातो. जीवावर बेतलंय असं वाटलं तर बेलच्या फंदात न पडता ११२. मूल मार खात असेल तर मुलांची हेल्पलाइन, १०९८.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार शेजारीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर दावा किंवा खटला होत नाही. तातडी नसेल तर आधी तिला एकटीला गाठा, तिला काय हवंय ते विचारा, महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर तोंडी सांगा. तिच्या मोबाइलवर पाठवू नका, नवरा फोन तपासत असेल. आधार कार्ड, पासबुक, मुलांचे दाखले आणि दोन कपडे एका पिशवीत घालून आमच्याकडे ठेवा, असंही सुचवता येतं.