‘रिंगा अजून बसायच्यात’ म्हणून हजार किलोमीटर थांबू नका

टर्बो डिझेलचं इंजिन काम होऊन गाडी हातात येते आणि दुसऱ्याच आठवड्यात सायलेन्सरमधून निळा धूर दिसायला लागतो. गॅरेजमध्ये विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: “रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) अजून बसायच्यात, हजार किलोमीटर होऊ द्या.” पुण्यातल्या एका १२४८ सीसी डिझेल हॅचबॅकच्या मालकाला याच उत्तरावर झुलवत ठेवलं गेलं. गॅरंटी होती एक महिना किंवा हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे धूर जायची मुदत आणि गॅरंटीची मुदत एकाच दिवशी संपणार.

बिलात लिहिलेलं होतं: सिलेंडर बोअरिंग-होनिंग (मशीनवर सिलेंडर मोठा करून आतून बारीक घासणं), ०.५० ओव्हरसाइज म्हणजे अर्धा मिमी मोठे पिस्टन आणि रिंग सेट, मेन व बिगएंड बेअरिंग, नवे हेड बोल्ट, नवा टर्बो, फुल सिंथेटिक ऑइल, आणि शेवटी ‘रन-इन ईसीयू ट्यूनिंग’, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंत त्याच्या कंट्रोल कॉम्प्युटरमध्ये (ईसीयू) केलेले बदल.

चौदाशे किलोमीटरवर इंजिन दुसरीकडे उघडलं. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ६९.६ मिमी. पिस्टन खरंच ०.५० ओव्हरसाइज असते तर बोअर ७०.१० भरायला हवा होता. गेज लावला तर वरच्या टोकाला ६९.६६ आणि खाली ६९.६१. ब्लॉक मशीनवर चढलाच नव्हता. ओव्हरसाइज पिस्टनच्या डोक्यावर साइजचा आकडा ठोकलेला असतो. इथे जुने स्टँडर्ड पिस्टन घासून, फक्त नव्या रिंगा घालून परत बसवले होते. बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या बारीक रेघा दिसायला हव्यात. तिथे पॉलिश पेपर हाताने फिरवल्याचे आडवे ओरखडे होते.

वर रुंद आणि खाली अरुंद अशा बोअरमध्ये नवी रिंग कधीच नीट बसत नाही. प्रत्येक फेरीत ती वर उघडते, खाली मिटते. हजार काय, दहा हजार किलोमीटर चालवली तरी त्यात फरक पडणार नाही. रिंग स्वतःच्या ताणाने भिंतीला थोडीच टेकते. ज्वलनाचा दाब तिच्या मागे शिरून तिला बाहेर ढकलतो, तेव्हा होनिंगच्या रेघांचे कंगोरे घासले जाऊन दोघांची तोंडं जुळतात. होनिंग नीट झालेलं असेल तर यातलं बरंचसं काम पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्येच उरकतं. म्हणून दर शंभर किलोमीटरला, सपाट जागी, थंड इंजिनवर डिपस्टिक बघून लिहून ठेवा. ऑइल पिणं दर वेळी कमी होत गेलं पाहिजे. तीनशेवरही ते जागचं हललं नसेल, तर गॅरंटी शिल्लक असतानाच गाडी परत न्या.

इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरमधून निघालेलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. धूर दाबायला आणि ऑइल प्रेशरचा दिवा विझलेला ठेवायला घट्ट ऑइल भरणं ही जुनी चाल आहे. या इंजिनाच्या बारीक ऑइल वाटांना आणि टर्बोच्या बेअरिंगला ते परवडत नाही. बिलातलं ‘फुल सिंथेटिक’ खरं असतं तरी या वेळी चुकीचंच होतं. कारखान्यातून निघालेल्या नव्या इंजिनाची गोष्ट वेगळी. गॅरेजच्या होनिंगवर पहिल्या टप्प्यात डिझेलचं साधं मिनरल ऑइल घालावं, ग्रेड मॅन्युअलच्या जवळची. ५०० किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे आणि जुना फिल्टर कापून बघायचा. घड्यांमध्ये करडी लुकण असली तर काळजी नको. नखाला लागतील असे चमकदार तुकडे दिसले तर बेअरिंग बघावंच लागेल.

‘नवा टर्बो’ धुऊन, सिल्व्हर रंग मारून लावलेला जुनाच होता. टर्बोवरच्या नंबरपट्टीच्या रिव्हेटवरही रंग चढला होता, ही त्यातली सोपी खूण. पण त्याहून वाईट गोष्ट इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीत, सापडली. कंप्रेसरचं चाक हाऊसिंगला घासलेलं, आणि त्याचा ॲल्युमिनियमचा चुरा ऑइलसकट इंटरकूलरच्या तळाशी तसाच साचलेला. टर्बो गेल्यावर इंटरकूलर आणि सगळे होज काढून धुतले नाहीत, तर तोच चुरा हवेबरोबर नव्या रिंगांवर जातो. होजच्या आतून पांढरा कपडा फिरवा, चमकी लागली तर गाडी घेऊ नका.

आता ट्यूनिंग. ईसीयूची फाइल वाचून मूळ फाइलशी ताडली, तर बूस्टचं (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचं) टार्गेट, इंधनाचं प्रमाण आणि स्मोक लिमिट (धूर आवरायला इंधनावर घातलेली मर्यादा) तिन्ही वाढवलेले. रन-इनच्या नावाखाली ताकद वाढवणारं तयार ‘स्टेज वन’ ट्यूनिंग चढवलं होतं. कारण उघड आहे: पिकअप वाढला की गिऱ्हाईक खूश, आणि कमी कॉम्प्रेशनची मरगळ झाकली जाते. नव्या कामाला नेमका हाच मारा सोसत नाही. खऱ्या रन-इन मॅपमध्ये (ईसीयूच्या फाइलमध्ये) बूस्ट आणि टॉर्कची मर्यादा खाली आणतात, आरपीएम ३००० च्या आसपास अडवतात, बाकी काही छेडत नाहीत. आणि टर्बो, इंजेक्टर मूळचेच असतील तर त्याचीही गरज नाही. मूळ फाइल ठेवा आणि पाय आवरा. इंजेक्टर बदलले असतील आणि त्यांच्यावर कोड असेल, तर तो ईसीयूत भरला का एवढं मात्र विचारा.

बूस्ट वाढवलाय की कमी केलाय, हे गाडीच्या सॉकेटला लागणाऱ्या साध्या ओबीडी स्कॅनरवर तपासता येतं. इंजिन बंद, चावी चालू असताना मॅप (MAP) सेन्सरवर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर, पुण्यात साधारण ९५ किलोपास्कल दिसतं, मुंबईत १०१ च्या आसपास. त्याच्या वर चढतं ते बूस्ट. काम करायच्या आधी चढावर पूर्ण रेसला किती जातं ते लिहून ठेवा. ‘रन-इन मॅप’ घेतल्यावर गॅरेजवाल्यालाच तोच आकडा स्कॅनरवर दाखवायला सांगा. मॅप खरा असेल तर तो आधीपेक्षा कमी हवा. स्वतः चालवताना पहिले ५०० किलोमीटर हा दाब दीडशे किलोपास्कलच्या आतबाहेर ठेवा.

पहिल्या स्टार्टच्या वेळी समोर उभे राहा. टर्बोच्या ऑइल पाइपमध्ये ऑइल ओतून, इंजेक्टरचे कनेक्टर काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसतं क्रँक करायचं, मगच स्टार्ट. तासभर आयडलवर ठेवणारा मिस्त्री नुकसानच करतो: लोड नाही म्हणजे रिंगेमागे दाब नाही, आणि भिंती गुळगुळीत होऊन बसतात. गळती बघून झाली की गाडी रस्त्यावर काढा. इंजिन गरम झालं की तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अर्ध्या पेडलने १५०० वरून २८०० पर्यंत चढवायचं, पाय काढून गिअरवरच उतरू द्यायचं, असं दहा-पंधरा वेळा. एक्स्प्रेसवेवर एकाच वेगात तासन्‌तास नको, ओव्हरलोड घाटही नको.

काम देतानाच बिलावर बोअरचे चारही सिलेंडरचे आकडे आणि टर्बोचा सिरियल नंबर लिहून मागा, आणि जुने पार्ट परत घ्या. ब्लॉकच बदलला असेल तर इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही, आणि विम्याच्या क्लेमला तेही आडवं येतं. या मालकाच्या हाताशी एकच भक्कम गोष्ट होती: बिलावर छापलेलं ‘०.५०’.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मात्र इंजिन घाईने दुसरीकडे उघडलंत, तर पहिला गॅरेजवाला सगळं खापर दुसऱ्यावर फोडतो. आधी लेखी नोटीस द्या, तारीख कळवा, त्रयस्थ सर्व्हेअर बोलवा. बोअर गेजचा आकडा वाचता येईल असा फोटो घ्या, आणि त्याच फ्रेममध्ये ब्लॉकवरचा इंजिन नंबर येऊ द्या.